वळवाचं वादळ पाठीमागून येतं: कोकण-गोव्यात काइटबोर्डिंग करणाऱ्यांसाठी

काइटबोर्डिंग म्हणजे कमरेला बांधलेल्या, हवेने फुगवलेल्या मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर, पायाखाली फळी (बोर्ड) घेऊन पाण्यावर धावणं. काइट शिकवणारा पहिल्याच दिवशी वाऱ्याची दिशा ओळखायला वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायला सांगतो. ते बरोबरच आहे. पण मोरजी, आश्वे, हरमल या किनाऱ्यांवर एप्रिल-मेच्या दुपारी वारा येतो वायव्येकडून, समुद्रावरून. आणि वादळ बऱ्याचदा येतं पूर्वेकडून, सह्याद्रीवरून. म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागून. पाण्यावर दहा काइट असतात, दहाही जणांच्या नजरा लाटांवर असतात, आणि पेडण्याच्या टेकड्यांमागे ढगांचा मनोरा चढत असतो.

मला हे एका वडीलधाऱ्या माणसाने शिकवलं. मे महिना होता, चारच्या सुमारास वारा पडला. मी बारा मीटरचा (म्हणजे बारा चौरस मीटर कापडाचा) काइट उतरवला आणि आता मोठा लागेल म्हणून चौदाचा फुगवायला घेतला. शेजारी शिरोड्याकडचे एक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी मान वरही न करता सांगितलं, "वारो पडूक नाय, दम घेता हा." पंप अर्ध्यावर असताना मी मागे वळून पाहिलं. पंधरा मिनिटांनी पुळणीवरच्या खुर्च्या समुद्राच्या दिशेने उडत होत्या. त्या वेळी चौदाचा काइट माझ्या कमरेला बांधलेला असता तर खुर्च्यांच्या पुढे मी असतो.

हा लेख ज्यांना काइट उडवता येतो त्यांच्यासाठी आहे. तो वाचून काइट शिकायला जाऊ नका. शिकायला माणूस लागतो.

आधी वाऱ्याचं गणित

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. आपला सगळा खेळ खाऱ्या वाऱ्यांवर चालतो. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत शिरते. म्हणून गोव्यात जानेवारी ते मे या काळात दुपारी वारा लागतो आणि सूर्य कलला की ओसरतो. पण आत शिरलेली ही हवा बाष्पाने भरलेली असते. ती सह्याद्रीला भिडून वर चढते. एप्रिल-मेमध्ये वरच्या थरातली परिस्थिती अनुकूल असली की तिचे गर्जनमेघ होतात आणि दहा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जातात. थोडक्यात, ज्या वाऱ्यावर आपण दुपारभर मजा मारली त्याच वाऱ्याने घाटात वादळ वाढवलेलं असतं.

वरच्या थरात वारा पूर्वेकडून वाहत असला की हे ढग किनाऱ्याकडे सरकतात. ढगातून पाऊस कोसळायला लागला की त्याच्यासोबत थंड, जड हवाही खाली आपटते. परातीत ओतलेलं पाणी जसं चहूकडे पसरतं तशी ती जमिनीवर पसरते. या पसरणाऱ्या हवेची आघाडी पावसाच्या दहा-वीस किलोमीटर पुढेही धावू शकते. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस कुठेच नसतो, आणि झोत येऊन थडकतो. तो यायच्या आधी समोरून येणारा खारा वारा आणि मागून येणारी थंड हवा एकमेकांना अडवतात, म्हणून मध्ये काही मिनिटं सामसूम होते. रापणकरांनी सांगितलेला दम तो हाच.

आता आकडे बघा. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंधरा नॉटचा वारा तीस नॉट झाला की ओढ चौपट होते, पंचेचाळीस झाला की नऊपट. (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.) काइटच्या आकाराचा ढोबळ हिशोब असा: किलोमधलं वजन गुणिले 2.2, भागिले नॉटमधला वारा. पंचाहत्तर किलोच्या माणसाला पंधरा नॉटला अकरा मीटरचा काइट पुरतो, तीस नॉटला साडेपाच मीटरचा. पण झोत येतो तेव्हा काइट बदलायला वेळ नसतो. अकरा-बाराचाच काइट हातात असतो आणि त्याला चौपट ओढ.

शिवाय दिशा. मोरजीचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. वायव्येचा वारा तिरका का होईना, तुम्हाला किनाऱ्याकडेच आणतो. पूर्वेचा झोत सरळ अरबी समुद्रात नेतो. वादळात माणूस आपटतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या किनाऱ्यावर माणूस आत ओढला जाण्याची भीतीही तेवढीच असते, आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही.

आदल्या रात्री आणि सकाळी

विंडी किंवा विंडगुरू सगळेच बघतात. त्यात नुसता सरासरी वारा न बघता झोताचा आकडाही बघा. दोन्हींत दहा नॉटपेक्षा जास्त फरक दिसला तर तो दिवस नवशिक्यासाठी नाही. पण या अ‍ॅपची मर्यादाही ओळखून असा. त्यांच्यामागची जागतिक प्रारूपं पृथ्वीची साधारण नऊ ते तेरा किलोमीटरच्या चौकटींत विभागणी करतात. वळवाचा एखादा ढग त्या एका चौकटीत मावतो. त्यामुळे "चार वाजता पंधरा नॉट" असं ते ठामपणे सांगतात तेव्हा त्यांना तो ढग दिसलेलाच नसतो. विंडीवर 'केप' नावाचा थर असतो. हवेत वर उसळण्याची किती ताकद साठली आहे, ते त्यावरून कळतं. घाटमाथ्यावर तो आकडा दोन हजारांच्या आसपास किंवा वर दिसला की मी दुपारचा बेत सकाळी अकरा ते दोनमध्ये बसवतो. वारा थोडा कमी मिळतो, पण चालतं.

नंतर भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा बघा. किनारा गोव्यात असला तरी सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि बेळगावही बघा, कारण ढग तिथे तयार होतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. माझ्यापुरता नियम सोपा आहे: विजांच्या वादळाचा नारिंगी इशारा असला की काइट पिशवीतच राहतो. विभाग पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही देतो. पाण्यात उतरण्याआधी शेवटी बघायची गोष्ट ती. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये असू द्या. आसपास वीज पडत असेल तर ते नकाशावर दाखवतं.

आणि बंदरावरचा बावटा. कोकणात "तीन नंबरचा बावटा लागला" असं म्हणतात तो स्थानिक सावधगिरीचा इशारा असतो. होड्या बंदरात परतत असतील, तांडेल (होड्यांचे म्होरके) लोक नांगर टाकून गप्पा मारत बसले असतील, तर तुमचं अ‍ॅप काय म्हणतंय याला फारसा अर्थ नाही. मच्छीमारांना दिलेल्या सूचनेत "ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 पर्यंत" अशी भाषा असते. त्याचे नॉट करून बघा: चोवीस ते तीस, झोत पस्तीस. एवढं कळल्यावर बाराचा काइट घेऊन कोणी उतरू नये.

पुळणीवर पोचल्यावर

दोऱ्या उलगडण्याआधी किनाऱ्याच्या आतल्या बाजूला चालत जा, म्हणजे माडांच्या आणि शॅकच्या पलीकडे, जिथून पूर्वेचं आभाळ मोकळं दिसतं. ते बघायला पाच मिनिटं लागतात. फुलकोबीसारखे पांढरे, कडा धारदार असलेले आणि बघता बघता उंच होणारे ढग दिसले तर ते वाढत आहेत. माथा सपाट होऊन ऐरणीसारखा पसरला, तर ढग पूर्ण झाला आहे आणि खाली विजा चालू असणार. मोरजीपासून घाटमाथा हवाई अंतराने चाळीस-पन्नास किलोमीटर आहे. ढग ताशी तीस-चाळीस किलोमीटरने सरकला तरी तासाभराच्या वरचा वेळ हातात असतो, पण झोत त्याच्या पुढे धावतो हे विसरू नका. ऐरण दिसली की मी पाऊण तास धरतो, आणि त्या पाऊण तासात नवा डाव सुरू करत नाही.

जागा निवडताना आजच्या वाऱ्याबरोबर उलट्या वाऱ्याचाही विचार करा. काइटच्या दोऱ्या वीस ते चोवीस मीटर लांब असतात. वाऱ्याच्या खालच्या बाजूला (वारा जिकडे जातो तिकडे) निदान तीन दोऱ्यांची लांबी मोकळी हवी: खडक, खांब, होड्या, माणसं काही नको. मग स्वतःला विचारा, वारा फिरला तर खालची बाजू कुठली? मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोऱ्याचं मुख आहे. ओहोटीचा ओढा तिथे समुद्राकडे खेचतो, त्यात पूर्वेचा वारा मिळाला की परतीची वाट अवघड होते. ढगाळ दिवशी त्या टोकापासून लांब राहा, पाणी कितीही सपाट आणि मोहक असलं तरी.

क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ एका झटक्यात सोडवणारी कळ, उतरण्यापूर्वी दर वेळी उघडून बघायचा. बहुतेक नव्या बारवर (काइट हाताळायच्या दांड्यावर) लाल बोंड असतं, ते स्वतःपासून दूर, काइटच्या दिशेने ढकलायचं. या सुटकेच्या यंत्रणेसाठी 2020 पासून आयएसओ 21853 हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पण मानक काहीही म्हणो, आत मोरजीची वाळू गेली की बोंड अडकतं. दुसरी सुटका लीशवर (काइटला तुमच्याशी जोडून ठेवणाऱ्या दोरीवर) असते. ती कुठे आहे ते डोळे मिटून हाताला सापडलं पाहिजे. बसस्टँडवर खिसा चाचपतो तसं चाचपून बघा. हार्नेसवर (कमरेच्या पट्ट्यावर) दोरी कापायचा छोटा आकडी चाकू हवा. शिट्टी हवी. बोर्डवर आणि काइटवर न पुसणाऱ्या शाईने फोन नंबर लिहिलेला हवा. माणूस सुखरूप घरी आणि बोर्ड एकटाच वाहत गेलेला, असं झालं तर निदान एका फोनवर शोधमोहीम थांबते.

किनाऱ्यावर एक माणूस ठरवा आणि त्याला काम नेमून द्या: दर दहा मिनिटांनी पूर्वेला बघायचं. ढग वाढला किंवा गडगडाट झाला की दोन्ही हात डोक्यावर फुली मारून हलवायचे. पाण्यावरच्या प्रत्येकाने तो इशारा दिसला की चर्चा न करता परत यायचं. असा माणूस नसेल तर निदान प्रत्येक वळण घेताना स्वतः एकदा मागे बघा.

पाण्यावर असताना काय हेरायचं

वारा अचानक पडला, काइट ढिला पडून मागे झुकायला लागला, आणि वेळ संध्याकाळची नाही, ही पहिली खूण. खारा वारा हळूहळू ओसरतो. तो दिवा मालवावा तसा विझला तर संशय घ्या.

दुसरी खूण माडांची. वायव्येच्या वाऱ्यात झावळ्या आतल्या बाजूला झुकलेल्या असतात. त्या सैल पडल्या किंवा समुद्राकडे वळल्या की झोत किनाऱ्यावर पोचला, तुमच्यापर्यंत यायला त्याला मिनिटभरही लागणार नाही. पुळणीवर वाळू किंवा धूळ उडताना दिसली तरी हाच अर्थ.

तिसरी खूण मला फार आवडते, कारण ती नाकाला कळते. समुद्रावरून वारा असतो तोवर नाकात खारट वास असतो. मध्येच ओल्या मातीचा वास आला तर आनंदाने छाती भरून घेऊ नका. तो वास जमिनीवरून आलाय, म्हणजे वारा फिरलाय. पाठोपाठ गार झुळूक लागते. उन्हाने भाजून निघालेल्या माणसाला ती फार सुखाची वाटते.

यातली एकही खूण दिसली की किनाऱ्याकडे निघा. अजून एक फेरी, एवढी एक उडी, असं म्हणण्यातच वेळ जातो.

काइट उतरवणं

वेळ हातात असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सोबत्याच्या मदतीने काइट उतरवणं. एका हाताने डोक्यावर थापट्या मारल्या की "मला उतरव" हा अर्थ जगभरचे काइटवाले ओळखतात.

किनाऱ्याजवळ काइट डोक्याच्या सरळ वर धरू नका. तिथे तो स्थिर वाटतो, म्हणून सगळे तसंच करतात. पण झोत आला की डोक्यावरचा काइट माणसाला सरळ उचलतो. 2008 च्या ऑगस्टमध्ये फे नावाच्या वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यावर एका काइटबोर्डरला झोताने उचलून वाळूवर आपटलं आणि फरफटत रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नेऊन आदळलं. तो वाचला, पण जबर जखमी झाला. काइट खाली, पाण्याच्या बाजूला धरा; झोत आला तर तो तुम्हाला आडवा ओढेल, उचलणार नाही.

सोबत्याने काइट पकडताना दोऱ्यांना हात लावायचा नाही, फुगवलेली पुढची कड धरायची. हौशी पर्यटक मदतीला धावून येतात आणि नेमक्या दोऱ्या धरतात. त्यांना मोठ्याने थांबवा, लाजू नका. पतंगाच्या मांजाने बोट कापलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे दोरीच्या टोकाला कागद नसतो, बारा मीटर कापड असतं, आणि ती बोट तोडू शकते.

मदतीला कोणी नसेल आणि झोत दारात असेल, तर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून क्विक रिलीज उघडा. काइट एका दोरीवर लोंबकळत पाण्यावर पडेल. दोऱ्यांचा गुंता होईल, कापड फाटेलही. ते शिवून मिळतं.

झोताने पाण्यातच गाठलं तर

पतंग उडवताना जोराचा वारा आला की आपण ढील देतो. काइटमध्ये दोऱ्या ठरावीक लांबीच्या असतात, त्यामुळे ढील म्हणजे बार सोडणं. बार हातातून वर सरकला की काइटची कड वाऱ्याला कमी भिडते आणि ओढ उतरते. अडचण अशी की घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो, आणि बार घट्ट धरून जवळ ओढला की ओढ वाढते. म्हणून शांत दिवशी मुद्दाम सराव करा: सोबती ओरडला की दोन्ही हात बारवरून वर. दहा-वीस वेळा केलं की अंगवळणी पडतं.

बार सोडूनही काइट ओढतच राहिला तर क्विक रिलीज. त्यानंतरही काइट फिरत, ओढत राहिला, एखादी दोरी अडकली, तर लीशही सोडा. काइट गेला तर गेला. हे तीन टप्पे याच क्रमाने करायचे, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही.

झोत समोर दिसतोय आणि किनारा अजून दोनशे मीटर आहे, अशा वेळी जिवाच्या आकांताने किनाऱ्याकडे पळायची इच्छा होते. वारा समुद्रावरून असेल तर तो मोह टाळा. झोत आदळताना पाण्यात असलेलं बरं, कारण पाण्यात आपटायला खडक, भिंत, गाडी काही नसतं. झोत यायच्या आधीच, किनाऱ्यापासून लांब असतानाच क्विक रिलीज उघडून काइट पाण्यावर पाडा. वारा पूर्वेचा असेल तर हिशोब बदलतो: जितकं आत असाल तितकं अजून आत जाल. तेव्हा माती-वासाच्या पहिल्या खुणेलाच किनारा गाठायचा, आणि नाही जमलं तर पुढचं सगळं सावकाश, क्रमाने करायचं.

काइट पाण्यावर पडून शांत झाला की सुटकेची दोरी (क्विक रिलीजनंतर काइट जिच्यावर लोंबकळतो ती) हाताने ओढत काइटकडे सरका. दोरी हाताला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही, कधीच नाही. काइट अचानक उठला तर हात अडकतो. ती बारच्या टोकांवर गुंडाळा. सात-आठ वेढे झाले की एक अर्धगाठ मारा, म्हणजे काइट पुन्हा ताकद धरणार नाही. मग बाकीच्या दोऱ्या एकत्र गुंडाळत काइटपर्यंत पोचा.

पुढे दोन वाटा आहेत. वारा किनाऱ्याकडे नेणारा असेल तर काइट फुगलेलाच ठेवा, त्याची दोन टोकं धरून शिडासारखा वापरा, तो तुम्हाला आणून सोडेल. वारा समुद्राकडे नेणारा असेल तर शीड करणं आत्मघातकी ठरेल. पुढच्या कडेतली हवा काढा, आडव्या नळ्या मात्र फुगलेल्याच राहू द्या, काइट टोकांकडून मधोमध गुंडाळा. त्याची तरंगणारी वळकटी होते. तिच्यावर पोट टेकून पोहा, किंवा नुसते थांबा. बोर्ड जवळ असेल तर तोही धरा. हा झोत बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. एवढा वेळ तरंगत राहणं जमतं. किनारा जवळ दिसतो म्हणून सगळं सोडून उलट्या वाऱ्यात पोहत सुटलेला माणूस त्याआधी थकतो. शोधणाऱ्यांनाही नुसतं डोकं दिसत नाही, रंगीत वळकटी दिसते.

किनाऱ्यावरच्या सोबत्याने या वेळी काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. तुम्ही शेवटी कुठे दिसलात त्या दिशेला किनाऱ्यावर एक खूण करायची, जीवरक्षकांना गाठायचं, आणि 112 किंवा तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर फिरवायचा. तुमच्यामागे त्याने स्वतः पाण्यात उडी घ्यायची नाही.

विजेचं

विजेच्या बाबतीत तडजोड नाही. मोकळ्या पाण्यावर वीस मीटर उंच गेलेला काइट, खाली खाऱ्या पाण्याने भिजलेल्या दोऱ्या, टोकाला तुम्ही. याहून वाईट जागा कल्पून सुचणार नाही. वीज ढगापासून दहा किलोमीटरपेक्षा लांबही पडू शकते, म्हणजे डोक्यावर निळं आभाळ असतानाही.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद किंवा कमी भरले तर सगळे पाण्याबाहेर. खरं तर काइटवर असताना वाऱ्याच्या आवाजात दूरचा गडगडाट ऐकूच येत नाही, म्हणून मी मोजत बसत नाही. एकदा ऐकू आला की बाहेर. दोऱ्यांना किंवा बारला हात लावताना बारीक झटके बसले, अंगावरचे केस उभे राहिले, तर किनाऱ्यापर्यंतही जाऊ नका. तिथेच काइट पाडा.

आसऱ्याला पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली, पत्र्याच्या छताची गाडी. झावळ्यांनी शाकारलेला शॅक पाऊस अडवतो, वीज अडवत नाही. माडाखाली नाही, सुरूच्या बनात नाही, पुळणीवर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशालाही नाही. काइट तसाच पडला असेल तर त्याच्यावर वाळू टाकायलाही थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं, मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

आगोटीच्या दिवसांतला मोह

मे संपत आला की आणखी एक वेगळं संकट येतं, आणि ते अनुभवी लोकांना जास्त भुलवतं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि दोन-तीन दिवस किनाऱ्यावर वीस-बावीस नॉटचा भरदार वारा आणि रांगेत येणाऱ्या उंच लाटा. काइटवाल्यांचे फोन खणखणायला लागतात. 2021 च्या मेमध्ये तौक्ते असंच गोव्याच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि 17 तारखेला गुजरातला धडकलं. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागांचं काय झालं ते आपण पाहिलं.

हवामान विभाग चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारण 72 तास आधी, सावधानतेचा इशारा 48 तास आधी आणि धोक्याचा इशारा 24 तास आधी देतो. त्यांच्या भाषेत 'चक्रीवादळ' म्हणजे 34 नॉट आणि वर; 28 ते 33 नॉट म्हणजे 'अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र'. पहिली सूचना निघाली की माझ्यासाठी मोसम संपला. चक्रीवादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये वारा दहा मिनिटांत दुप्पट होतो, आणि जे जीवरक्षक, होडीवाले तुम्हाला काढायला येतील ते आधीच आपापली घरं आणि होड्या बांधण्यात गुंतलेले असतात. त्यांच्यावर आपला खेळ लादणं मला पटत नाही. इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून उंच लाटांचा इशारा येतो, तोही बघत जा; वारा नसतानाही लांबच्या वादळाच्या लाटा किनाऱ्यावर पोचतात.

पावसाळ्यात मराठी मुलं हल्ली रामेश्वरमला जातात, कारण तिकडे तेव्हा नैर्ऋत्येचा छान वारा असतो. तिथे किनाऱ्याची दिशा वेगळी, वादळाची वाट वेगळी, इथली माडांची आणि माती-वासाची खूण तशीच्या तशी चालेल असं नाही. गेल्या गेल्या स्थानिक कोळ्याला एकच प्रश्न विचारा: इकडे वादळ कुठल्या अंगाने येतं?

पाऊस थांबल्यावर

आभाळ उघडलं, अर्धा तास झाला, पुन्हा उतरायचं का? बहुतेक वेळा उत्तर वाराच देतो. पावसाने जमीन गार झालेली असते. तापलेली जमीन नाही तर खारा वारा नाही. मागे उरतो तो इकडून तिकडून येणारा भुरभुरता वारा, आणि घाटात कदाचित दुसरा ढग. त्यापेक्षा भजीची गाडी शोधावी.

सामान गोळा करताना आधी काइटमधली हवा पूर्ण काढा. अर्धवट फुगलेला काइट वाळूवर ठेवून चहाला गेलेले लोक परत येतात तेव्हा तो तिसऱ्याच्या गाडीवर असतो. दोऱ्या उलगडून हातातून हळूच ओढत बघा. जिथे खरखरीत लागेल, केसाळ झाली असेल किंवा नको तिथे गाठ बसली असेल, तिथे ती पुढच्या झोतात तुटणार. गाठ सुटत नसेल तर दोरी बदला. शिवणीपाशी फाटलेलं कापड हातशिलाईने तात्पुरतं चालतं, पण पुढच्या कडेची शिवण उसवली असेल तर पाल शिवणाऱ्याकडे न्या.

घरी आल्यावर बार गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. मग लाल बोंड दहा वेळा उघडा-मिटा, आतली वाळू बादलीच्या तळाशी दिसेल. दिसली तर पाणी बदलून पुन्हा दहा वेळा.